ओलीस ठेवलेली थंडपेटी

मी बोलतेय, सोलांजबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाखालून. जरा वाका, म्हणजे दिसेन. निळी, चौकोनी, झाकणाची बिजागरी तुटलेली आणि कमरेला दोरी बांधलेली ती मीच. प्रवासात खाणं गार ठेवायची पेटी. आता माझ्यात काही गार राहत नाही. दमलेय मी. पण ऐकणारं कुणी भेटलं की तोंड बंद राहत नाही, तशी झाकणाचीही आता खात्री नाहीच म्हणा.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं आठवण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते नेदरलँड्समधल्या ड्रेंटे भागातल्या एका दुकानात. रूलोफ नावाच्या उंच माणसानं मला उचललं, आत डोकं घालून हुंगलं आणि दुकानदाराला विचारलं, "यात बटाटे किती मावतील?"

"पोतं हवंय की पेटी?" दुकानदार म्हणाला.

रूलोफची बायको फेनी मागून म्हणाली, "घे रे घे. बटाट्यांचं पोतं वेगळं नेऊ. हिच्यात लोणी, चीज आणि मटणाचे गोळे."

मी त्या घरची झाले ती अशी.

रूलोफ दुधाचा टँकर चालवायचा. वर्षभर पहाटे उठून गोठ्यागोठ्यांतलं दूध गोळा करायचं आणि उन्हाळा आला की गाडीला तंबूचं सामान बांधून बायको आणि मुलगी रेन्स्के यांच्यासह फ्रान्सला निघायचं. बर्गंडीतल्या एका नदीकाठी तंबू ठोकायचा आणि बाहेरच्या हॉटेलचं तोंडही बघायचं नाही. निघायच्या दिवशी फेनी पावाचे काप मांडून बसायची. प्रत्येकावर लोणी, प्रत्येकावर चीजचा एकच पातळ काप. दुसरा काप मागितला तर म्हणायची, "एक चीजचा आणि एक तुझ्या कल्पनेचा."

वाटेत हमरस्त्यावर मोठमोठी उपाहारगृहं लागत. रूलोफ गाडी त्यांच्यासमोरच लावायचा, कारण सावली तिथे असायची. पण बसायचं घडीच्या खुर्च्यांवर, कचरापेटीच्या शेजारी. आत लोक पैसे मोजून रबरासारखं मांस चावत आणि बाहेर आमच्याकडे उकडलेली अंडी सोलली जात. छोटी रेन्स्के काचेआड दिसणाऱ्या आइस्क्रीमकडे बघत बघत पावावरचा चॉकलेटचा भुगा बोटानं टिपायची. मला वाईट वाटायचं, पण पेटीला कोण विचारतं?

शिवाय माणसांना एक खोड असते. भूक नसली तरी दर तासाला झाकण उघडून आत बघायचं. बघायचं आणि बंद करायचं. माझी बिजागरी खाण्यानं नाही, या बघण्यानं गेली. मग रूलोफनं दोरी बांधली. नवी पेटी घ्यायचा विषय निघाला की तो माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "हिला काय धाड भरलीय?" भरली होती हो. कोण सांगणार!

रेन्स्के मोठी झाली आणि फ्रान्समध्येच नोकरीला लागली. तिथे तिला बास्त्यां भेटला, आणि योगायोग असा की तो आमच्या त्या नदीकाठच्याच गावचा. लग्न ठरलं. लग्नाचा मांडव बास्त्यांच्या आईच्या, म्हणजे सोलांजबाईंच्या अंगणात घालायचा होता. व्याही मंडळींची भेट तेवढी राहिली होती.

त्या उन्हाळ्यात रेन्स्के तंबूवर आली तीच चेहरा पाडून. घडीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई, उद्या सोलांजबाईंकडे बटाट्यांचा विषय काढू नकोस हं."

"मी कशाला काढू?" फेनी म्हणाली. "आणि काढला तर काय होईल?"

"या गावात तुमच्यासारख्यांना बटाटेवाले म्हणतात. येतात, नदीत डुंबतात, घरचे बटाटे खातात आणि गावात एक पावसुद्धा घेत नाहीत, असं. सोलांजबाईंनी मला विचारलं, तुझे आईबाबा त्यातले तर नाहीत ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

रेन्स्केनं माझ्याकडे बघितलं. "नाही म्हणाले."

रूलोफ बटाटे सोलत होता. त्याची सुरी थांबली, मग पुन्हा चालू लागली. एवढंच. पण मी त्याला बरीच वर्षं ओळखते. टँकर रुतला तरी शिट्टी वाजवणारा माणूस त्या दिवशी वाजवेना.

जाताना रेन्स्के म्हणाली, "उद्या संध्याकाळी आठला या. उशीर करू नका. सोलांजबाई मनाला लावून घेतात."

ती गेल्यावर फेनी म्हणाली, "आठला. म्हणजे कॉफी."

"कॉफी आणि फार तर एक बिस्किट," रूलोफ म्हणाला.

यात त्यांची चूक नव्हती. आमच्या ड्रेंटेत माणसं सहाला जेवतात. आठला बोलावलं तर जेवून, भांडी घासून जायचं. कुणाच्या दारात भुकेलं उभं राहणं म्हणजे भीक मागितल्यासारखं. आणि रेन्स्के तिकडे इतकी रुळली होती की हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला दोघं पोटभर जेवले. "तिथे बिस्किटाकडे वखवखून बघू नकोस," असं म्हणत फेनीनं रूलोफला गोळ्यांवर गोळे वाढले. भेट म्हणून घरून आणलेलं चीज उन्हात पाझरू नये म्हणून मला बरोबर घेतलं. माझ्या तळाशी उरलेले उकडलेले बटाटे होते, ते काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

दारात रेन्स्केनं मला पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. "ही कशाला आणलीत?"

"चीज आहे गं," फेनी म्हणाली, आणि तिची नजर आतल्या टेबलावर गेली.

पांढरी चादर. ताटांवर ताटं. चीज घालून भाजलेले, आतून पोकळ असे गरमागरम फुगे, हिरव्या पाल्यासकट जेलीत थिजवलेलं डुकराचं मांस, आणि चुलीवर मोहरीच्या रश्शात रटरटणारा ससा. सोलांजबाई ठेंगण्या, लालबुंद गालांच्या. दोन दिवस राबल्याचं त्यांच्या चालण्यातच दिसत होतं. मला भिंतीशी ठेवलं गेलं. तिथून सगळं दिसत होतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

"खा," फेनी ओठ न हलवता रूलोफला म्हणाली.

"कुठे घालू?" रूलोफ पुटपुटला.

बिचाऱ्यानं प्रयत्न केला. फुगे गेले. मांसाचा अर्धा काप गेला. सशाची तंगडी ताटात पडली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला. फेनी काट्यानं मांस या कडेचं त्या कडेला ढकलत होती. सोलांजबाई बघत होत्या. शेवटी त्यांनी चमचा खाली ठेवला.

"रेन्स्के, माझं जेवण यांना आवडलेलं नाही."

"तसं नाही..." रेन्स्के म्हणाली आणि आपल्या भाषेत आईकडे वळली, "आई! तुम्ही जेवून आलात?"

"तूच आठ म्हणालीस! आठला कुणी जेवतं का?"

रेन्स्केनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. बास्त्यां काही बोलायला गेला, पण सोलांजबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्या उठल्या. थेट माझ्याकडे आल्या. दोरी सोडली, झाकण उघडलं, चीज बाजूला केलं आणि तळातला एक गार बटाटा दोन बोटांत धरून वर काढला.

"बटाटेवाले," त्या म्हणाल्या. रेन्स्केकडे बघून म्हणाल्या. "तू तर नाही म्हणाली होतीस."

रेन्स्केच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे लग्न मोडत नव्हतं, मला कळतं तेवढं. पण काहीतरी तुटत होतं, आणि ते दोरीनं बांधण्यातलं नव्हतं.

रूलोफ उभा राहिला. त्याला तिकडची भाषा जेमतेम येते. म्हणाला, "रेन्स्के, मी बोलतो तसं सांग. गाळू नकोस."

"बाई, हे माझ्या परसातले बटाटे. हॉटेलात जेवलो असतो तर चार दिवस राहून परत जावं लागलं असतं. घरचं खाल्लं म्हणून अख्खी सुट्टी इथे राहता आलं. माझी पोरगी तुमच्या नदीत पोहायला शिकली. तुमच्या गावच्या पोरांशी खेळून तुमची भाषा शिकली. या बटाट्यांशिवाय ती तुमच्या मुलाशी एक वाक्यसुद्धा बोलू शकली नसती."

रेन्स्के सांगताना मध्येच अडखळली. शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं, पहिल्या वेळी हुंदक्यात गेलं म्हणून. मग स्वतःचं एक जोडलं, "मी खोटं बोलले. मी बटाट्यांवरच वाढलेय."

सोलांजबाई हातातल्या बटाट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याला मीठ लावलं, सशाच्या रश्शात बुडवला आणि खाल्ला. सावकाश. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते.

"बटाटा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "उकडलाय मात्र वाईट. कोणी उकडला?"

"मी," फेनी म्हणाली.

"शिकवीन."

पहिल्यांदा बास्त्यां हसला. मग फेनी. रूलोफला हसताना पोट धरावं लागलं, दुखत होतं म्हणून.

ताटं तशीच उचलली गेली. "उद्या दुपारी बाराला या," सोलांजबाईंनी फर्मावलं. "रिकाम्या पोटी. सकाळची कॉफीसुद्धा नको. आणि ही पेटी इथेच राहील, ओलीस. तंबूत ठेवली तर तुम्ही पुन्हा खाऊन याल."

दुसऱ्या दिवशी दोघं बाराच्या आधीच दारात उभे. रूलोफच्या पोटात कावळे ओरडत होते, मला टेबलाखाली ऐकू आले. त्यानं ससा दोनदा घेतला आणि रस्सा पावानं पुसून ताट आरशासारखं केलं. सोलांजबाईंनी लगेच तिसऱ्यांदा वाढलं.

मला परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि कुणी मागितलं नसेल. रूलोफ-फेनीनं नवी पेटी घेतली. दर उन्हाळ्यात रूलोफ परसातल्या बटाट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन येतो आणि माझ्यात रिकामं करतो. अंगणातून सोलांजबाईंची हाक येते, "आले गं बटाटेवाले!" आणि आता या घरची सून झालेली रेन्स्के हसत दार उघडते.

मी थकलेय. मला आता हमरस्ता नको, कचरापेटीशेजारची सावली नको. एवढंच मागते: बटाटे घ्यायला याल तेव्हा झाकण हळू उघडा, आणि नुसतं बघून बंद करू नका. आणि परक्या गावात कुणी आठला बोलावलं, तर लाजू नका. जेवायला की कॉफीला, एवढं आधी विचारा.