तिकडचं तिकडे

हर्षलच्या घरचं मला काहीच नको होतं. मंजुश्री हवी होती, आणि तीही त्यांच्याशिवायची. कोर्टाला हे कुठून कळणार? कोर्टानं सहा वर्षांची पोर माझ्याकडे दिली आणि दर दुसऱ्या शनिवारी ती बापाकडे साखरखेर्ड्याला जाईल, रविवारी परत येईल, असं ठरवून टाकलं. द्यायचं-घ्यायचं ठिकाण चिखलीचं बसस्थानक. मी रसवंतीजवळच्या बाकावर बसायची, हर्षल फाटकाबाहेर मोटारसायकलवर पाठ करून बसायचा, आणि त्याची आई कलाबाई मधलं अंतर चालून येऊन, माझ्या तोंडाकडे न बघता, पोरीचा हात धरून तिला न्यायची. लग्न टिकलं तोवर त्या बाईच्या नजरेखाली मी भाकरी थापल्या. आता तिच्या चपलांचा आवाजसुद्धा माझ्या डोक्यात जायचा.

रविवारी मंजू परत यायची ती तोंड भरून तिकडचं घेऊनच. बाबांनी शेतातल्या चिंचेला झोपाळा बांधला, गाईला वासरू झालं, आजीनं माझ्या हातानं त्याला चारा घातला, असं सांगत ती खिदळायची, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

उंद्रीच्या आमच्या घरी, बाहेरगावाहून कोणी आलं की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात. वाटेवरचं काही मागे लागलं असेल तर ते तिथंच सुटावं म्हणून. माझी आई, पुष्पाबाई, हे मुकाट्यानं करायची. एका रविवारी मी तिच्या हातातला तुकडा घेतला, मंजूवरून उतरवला, "तिकडचं सगळं तिकडे जावो" म्हटलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून साखरखेर्ड्याच्या दिशेनं भिरकावला.

"असं म्हनू नोको, सुचिता," आई म्हणाली. "वाटेवरचं टाकतेत वं. पोरीतलं नाई टाकत."

ऐकेन तर मी कसली! त्यानंतर तुकडा दर वेळी मीच टाकला. आधी तिच्या बोलण्यातून झोपाळा गेला. मग वासराचं नाव तिला आठवेना. एकदा शेजारणीनं विचारलं, बाबा काय करतात गं तुझे, तर ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मी तिला जिलेबी आणून दिली. पोर शहाणी झाली होती. हट्ट करत नव्हती, खिदळत नव्हती, वाढलं तेवढं खायची आणि बसवलं तिथं बसायची. आई तिच्याकडे बघून उसासे टाकायची. मी मात्र खूश होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

माघातल्या एका शनिवारी मी तिला पाठवलंच नाही. ताप आहे म्हणून सांगायचं ठरवलं होतं आणि पुढच्या भांडणाची वाक्यंही घोटून ठेवली होती. मंजू दिवसभर ओसरीवर आईजवळ बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. फोन आला नाही. रविवारीही आला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो अपमान. पोर नकोच होती, तर मग मला कोर्टात एवढं नाचवलं कशाला?

म्हणून पुढच्या खेपेला मी तिला मुद्दाम घेऊन गेले, कलाबाईला दोन शब्द सुनवायला. ती आली, पण दोन हात लांबच थांबली. पोरीकडे तिनं हात केला नाही.

"मांगच्या खेपेले पोरीले ताप होता," मी म्हणाले. "म्या पाठवली नाई. तुमाले एक फोन करनं झालं नाई?"

कलाबाईनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"काऊन खोटं बोलतं वं? याच बाकावर बसेल होती पोरगी, एकटी. म्या हात धरून नेली. रविवारी परत घिऊन आलो, तं तुह्या पत्ता नाई. तवापासून घरीच हाये. तूच टाकून गेली, आता मांगाले येऊ नोको."

"घरी होती ते. माह्यासमोर."

तिनं मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. चिंचेचा झोपाळा, आणि त्यावर मंजू, डोळे मिटून, तोंड उघडून हसणारी. वरचा एक दात पडलेला.

"परवा पडला," कलाबाई म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा आवाज एवढा मऊ मी ऐकला नव्हता.

मी माझ्याजवळ उभ्या मंजूची हनुवटी वर केली. तिनं लगेच तोंड उघडलं. दात सगळे जागच्या जागी होते.

"मंग हे कोन हाये?" मी ओरडले. रसवंतीवरची माणसं वळून बघायला लागली.

कलाबाईनं तिला नीट न्याहाळलं, शेजाऱ्याच्या पोरीला न्याहाळावं तसं.

"तुह्यी असन," ती म्हणाली. "आमची घरी हाये."

आणि ती गेली. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. कोणी भांडलं नाही, कोणी हात ओढला नाही. आता पोर मागायला माझ्या दारात कधीच कोणी येणार नव्हतं. मला हवं होतं ते अगदी तस्सं मिळालं होतं.

उंद्रीची बस खचाखच भरलेली होती. "ताई, पोरीले मांडीवर घ्या ना, मले टेकू द्या जरा," एक बाई म्हणाली. मी मंजूला मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. रस्ता सगळा खड्ड्यांचा. पण एवढी पोर मांडीवर असून उंद्री येईपर्यंत माझे पाय अवघडले नाहीत.