माझ्या अंगावरची खाच

गावकऱ्यांनो, खोटं बोललात तुम्ही, आणि तेही माझ्या तोंडून! "खांबाकडे बघा," म्हणालात. सगळ्यांनी बघितलं. विचारलं मात्र कुणीच नाही.

मी एका झोपडीचा खांब आहे. मोलावेच्या टणक लाकडाचा; माझ्यावर कुऱ्हाडीची धार बोथट होते, पण मी वाकत नाही. ताकिओने मला चर्चमागच्या उंचवट्यावर रोवलं. माझ्या डोक्यावर झावळ्यांचं छप्पर, पायाशी कोंबड्या. त्याच वर्षी मोठं वादळ आलं आणि समुद्र चर्चच्या पायऱ्या चढून आला. पाणी ओसरल्यावर ताकिओने कोयत्याने माझ्या अंगावर, पाणी पोचलं होतं तिथे, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक खाच केली. "पोरांना कळू दे," एवढंच म्हणाला.

पुढे त्याने होडी घेतली. उंचवट्यावरून रोज जाळं वाहून त्याची पाठ मोडायची. मग आमच्याकडे करतात तसंच झालं. एका सकाळी चाळीस जण आले, त्यांनी झोपडीखाली बांबू घातले आणि अख्खं घर खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर नेलं. आल्याची पेज पिऊन मंडळी पांगली. घराबरोबर माझी खाचही खाली आली होती.

ताकिओ लवकर गेला. खाच राहिली. "सगळ्यात मोठ्या वादळातही पाणी गुडघ्यापर्यंतच आलं होतं," असं म्हणत लोक माझ्या शेजारी घरं बांधू लागले. मानोय बेर्तिंगने (मानोय म्हणजे दादा) तर माझ्याकडे बोट दाखवून बायकोची समजूत घातली. मला ओरडावंसं वाटायचं. लाकडाला तोंड नसतं, हे माझं दुःख.

आता या घरात ताकिओची बायको लोला कुरिंग (लोला म्हणजे आजी), नात लिगाया आणि तिचा नवरा रोमुलो राहतात. लिगायाला सातवा महिना लागलाय. बाळ येणार ते ऐन वादळांच्या दिवसांत.

"आपण वर जाऊ या," ती एकदा म्हणाली.

"वर धुमसता डोंगर बसलाय, तो काय तुझा मामा आहे?" रोमुलो हसला. "या देशात कुठेही जा, काहीतरी अंगावर येणारच. इथे निदान खांब साक्षीला आहे."

चुलीपाशी भात ढवळणाऱ्या लोलाने मान वर केली. "ती खाच इथली नाही रे, घर तेव्हा वर चर्चमागे होतं. त्या दिवशी मी चर्चच्या वरच्या पायरीवर बसले होते, पाय पाण्यात सोडून."

"लोला! मग इतकी वर्षं बोललात का नाही?" रोमुलोने विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. म्हातारीला कोण विचारतं? भात झाला का, एवढंच विचारता."

रोमुलो सुतारकाम करायचा. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याने भरलेली पातळीची नळी काढली; तिच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर राहतं. जुन्या जागी गुडघ्याएवढ्या उंचीवर खूण केली आणि टप्प्याटप्प्याने ती पातळी किनाऱ्यापर्यंत आणली. शेवटची खूण करायला त्याला नारळाच्या झाडावर चढावं लागलं. ती आमच्या छपराच्याही वर होती.

खाली उतरून तो वाळूत बसला. लिगायाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी तो मामाचा विनोद कुणी केला नाही.

"पण डोंगराचं काय?" त्याने हळूच विचारलं.

"डोंगराच्या राखेचा चिखल पावसात घळीतून येतो," लोला म्हणाली. "घळ सोडून राहायचं. शाळेमागचं टेकाड मी लहान असल्यापासून कोरडं आहे. मी सांगते म्हणून ऐकू नका. जाऊन बघा."

ते गेले. घळीच्या काठाकाठाने दोन दिवस हिंडले, जुन्या चिखलाचे थर बोटांनी उकरून पाहिले आणि मग जागा ठरवली.

आज मला शाळेमागच्या टेकाडावर रोवलंय. रोमुलो खाच तासून टाकणार होता. लोलाने तिच्यावर हात ठेवला. "त्यांच्या हातची आहे." मग त्याने खाचेखाली कोरलं: 'चर्चमागे. इथे नव्हे.' किती साधे तीन शब्द! ते न कोरल्यामुळे एक अख्खी वस्ती समुद्राच्या तोंडाशी जाऊन बसली. माझ्या खाचेसारख्या जुन्या खुणा, ऐकणाऱ्यांनो, तुमच्याही गावात असतील. त्या कुठल्या जमिनीवर केल्या होत्या, तेवढं विचारा. विचारण्यासारखं माणूस जिवंत आहे तोवर विचारा.

घर आणणारे चाळीस जण पेज पीत बसले होते. मानोय बेर्तिंग दिवसभर चेष्टा करत होता, तरी बांबूचं सगळ्यात जड टोक त्यानेच धरलं होतं. वाटी पुसत तो कितीतरी वेळ खाली किनाऱ्याकडे, आपल्या छपराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या किती जण येताय? माझं घर याच्यापेक्षा जड आहे."