वरच्या खुणेच्याही वर

आई जेवत नाही, हे हळूहळू घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडत चाललं होतं, आणि लेकीला नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती. ताट समोर यायचं, झाकलं जायचं, परत जायचं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

बाबांची गाडी उताराच्या तळाशी भिंतीवर आदळली होती. वळणावरच्या दुकानदाराने सांगितलं, इंजिन नुसतं किंचाळत होतं, त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबूनच धरला असणार. समोर भिंत दिसत असताना असा पाय कोण दाबतं, हे भेटायला येणारी माणसं दाराबाहेर कुजबुजायची. आई ते उघड बोलायची. "मीच म्हटलं होतं त्यांना, जा एकदाचे, सुटेन मी." भांडण काय होतं, तर या वयात गाडी कशाला चालवता एवढंच. पण त्यानंतर दोघांचा अबोला सुरू झाला, आणि तो मोडायच्या आत बाबा गेले.

दुकानदार आणखी एक बोलला होता, ज्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. गाडीमागे इतका पांढरा धूर होता की रस्ताच दिसेना. लेकीच्या डोक्यातून तो धूर जाईना. शेवटी ती मिस्त्रीकाकांच्या गॅरेजवर गेली. गाडी तिथेच मागच्या अंगणात पडली होती आणि दुपारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता.

"काका, गाडी जाण्याआधी एकदा इंजिनात हवा जाते तो इनटेक उघडून दाखवा. आत ऑइल आहे का, एवढंच बघायचंय."

"वाचून आलेली दिसतेस." काका बाबांचे जुने दोस्त, बाबा त्यांना सर्जन म्हणायचे, कारण त्यांच्याकडून गाडी कधी पहिल्या फटक्यात बरी होऊन आली नाही. "तुझा बाप सांगायचा, आमची पोरगी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचते."

"डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुटतं ना? मग चावी काढली तरी थांबत नाही?"

हात पुसता पुसता काका थांबले. "सुटतं. हवेचं तोंड दाबल्याशिवाय थांबत नाही. पण फार क्वचित, बाळ. उगाच आशा लावून घेऊ नकोस."

"मला दुसरी आशा नाही, काका."

त्यांनी पाना उचलला. ज्या नळ्यांतून हवा सिलिंडरमध्ये जाते तो मॅनिफोल्ड चेंबलेल्या बॉनेटखाली शाबूत होता. "थोडं ओशट तर सगळ्याच जुन्या गाड्यांत असतं. त्यावर जाऊ नकोस. साचलेलं निघालं तर बोलू." लोक गॅरेजमध्ये बिघाड निघू नये म्हणून हात जोडतात. ती बिघाड निघावा म्हणून जीव मुठीत धरून उभी होती.

रबरी पाइप सुटला आणि काळं ऑइल भळाभळा काकांच्या बुटावर सांडलं.

काकांनी बूट हलवला नाही. मग ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, आत डोकावले आणि तिला हाताने खाली ओढलं. "ही ब्रेकची डिस्क बघ. निळी पडलीय. एवढी तापेपर्यंत ब्रेक दाबून धरलाय त्याने. मरायला निघालेला माणूस ब्रेक दाबतो का?"

तिने काळ्या चाकावर हात टेकून डोळे मिटले. घरी धावत सुटावंसं वाटलं.

"पण एवढं आलं कुठून?" काका स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी इंजिनात हवा दाबून ढकलणाऱ्या टर्बोचा दांडा हलवून पाहिला. "टर्बो ठणठणीत आहे. तिथून गळलेलं नाही." मग ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि उजेडात धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं. "इंजिनाने इतकं पिऊनही हे उरलंय. अगं, अपघाताच्याच आठवड्यात पिस्टनच्या रिंगा बदलून दिल्या होत्या मी. ऑइल खायची खोड मोडली होती गाडीची. मोजून भरलं होतं. वरून कुणीतरी अख्खा डबा ओतलाय. जास्तीचं ऑइल वाफेच्या नळीतून हवेच्या वाटेला लागलं."

बाबांना कमरेत वाकता यायचं नाही. गाडीत ऑइल घालायचं काम वर्षानुवर्षं आईचं होतं. "मला चहा आणि हिला ऑइल, दोघांना पाजणारी एकच," असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. रिंगा बदलल्याचं त्यांनी आईला सांगितलं नसणार. अबोला होता.

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पट्टी जागेवर घातली. फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला.

"टर्बो गेला म्हणून सांग," ते म्हणाले. "जुना होता. मला कुणी विचारलं तर मीही तेच सांगेन."

घरी ताट झाकलेलंच होतं. लेक पलंगावर बसली आणि सगळं सांगितलं. धूर, सुटलेलं इंजिन, गेलेला टर्बो, निळी डिस्क. आई उठून बसली.

"ब्रेक दाबला होता?"

"शेवटपर्यंत, आई."

"पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. आईने तिचे काळे हात आपल्या हातात घेतले, बराच वेळ धरून ठेवले. मग ताट ओढून झाकण काढलं. पहिला घास घेतला.

"एक विचारू?" आई म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी गाडीत ऑइल घातलं होतं. बोलत नव्हते, तरी घातलं. म्हटलं, रिकामा डबा दिसेल, समजेल त्यांना. ऑइल कमी पडून तर नाही ना झालं हे?"

"नाही, आई. कमी नव्हतं पडलं."

आईने मान हलवली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

"भाजीत मीठ कमी आहे," ती म्हणाली.

लेक मीठ आणायला उठली. मागच्या दाराशी डबा धुऊन पालथा घातलेला होता, त्यावर नरसाळं. तिने मीठ आणून आईच्या ताटात वाढलं.