पाच माणसांच्या स्प्रिंगा

"अण्णा, गाडीत रोज किती माणसं बसतात?" अरविंदने गाडीखालून विचारले.

"पाच," दयानंद कोगनोळे म्हणाले. "शिवाय सामान."

टायरांच्या थप्पीवर बसलेल्या महानंदाबाईंनी पदराने वारा घेणे थांबवले.

"पाच? आपण दोघं. आणि तिघं कोण?"

"संग्राम, श्वेता आणि त्यांची पोरगी."

"ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळात बसतात. गाडीत आपण दोघंच बसतो."

अरविंद गाडीखालून वाकून बाहेर आला. नवरा-बायकोचे भांडण गाडीखालून नीट ऐकू येत नाही.

त्याचे दुकान बोम्मसंद्र्यातल्या एका मागच्या गल्लीत होते आणि तिथे जुन्या जीपगाड्या उंच करून मिळत. कोगनोळ्यांची गाडी तशा कामाला अगदी योग्य होती. चौकोनी, फोर व्हील ड्राइव्हची, बावीस वर्षांची. वळताना ती कण्हत असे. आता ती दोन खांबांच्या लिफ्टवर लटकत होती आणि तिची चारही चाके निराधारपणे खाली लोंबत होती.

कोगनोळे मूळचे निपाणीचे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये त्यांची नोकरी झाली. म्हणजे आयुष्यभर त्यांनी ट्रक भरून पाठवले. अर्धा ट्रक त्यांच्या हातून कधी फाटकाबाहेर पडला नाही. चेन्नईची गाडी भरली नसेल तर ती भरेपर्यंत उभी राही. गिऱ्हाईक फोनवर ओरडे, मालक केबिनमध्ये ओरडे, कोगनोळे चहा पीत. रिकामी जागा गावाला पाठवायची नाही, एवढा एकच सिद्धांत त्यांनी जन्मभर सांभाळला. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्याचा गौरवही केला, कारण त्यांना दुसरे काही आठवेना.

गाडी उंच करण्याची गोष्ट निघाली गेल्या दिवाळीत. खानापूरच्या पुढे, जंगलाच्या कडेला महानंदाबाईंच्या थोरल्या बहिणीचे, कस्तुराबाईंचे घर. शेवटचा टप्पा ओढ्यातून आणि धोंड्यांवरून जातो. गेल्या वर्षी तिथे गाडीचे पोट धोंड्यावर टेकले आणि महानंदाबाईंना दुखऱ्या गुडघ्यांनी उरलेला चढ पायी चढावा लागला. हे ऐकून संग्राम फोनवर म्हणाला होता, "बाबा, गाडी दोन इंच वर घ्या ना. मग पुढच्या दिवाळीला सगळेच जाऊ तुमच्या गाडीतून."

संग्राम सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभरात तो अशी बरीच वाक्ये बोलतो. कोगनोळ्यांनी त्यातले हे एक जपून ठेवले.

"बघा अण्णा," अरविंद हात पुसत म्हणाला. तो गोकाकचा. आई मराठी, बायको कन्नड, गिऱ्हाईक हिंदी. "दोन इंच वर घ्यायची हे ठरलं. शॉक, बुश सगळं तेच. प्रश्न मागच्या स्प्रिंगांचा. मिडियम घातलं तर दोघा-तिघांना सरी, बरोबर होतंय. हेवी घातलं तर पाच माणसं आणि सामान आरामात. पण हेवी घालून रिकामी फिरवलात, तर गाडी बसतच न्हाई. मागनं उंच ऱ्हातीय आणि आदळतीय. म्हणून मला रोजचं सांगा. सणाचं सांगू नका."

"पाच," कोगनोळे म्हणाले. "विहीणबाई आल्या तर सहा."

"त्यांना काय टपावर बसवणार?" महानंदाबाई म्हणाल्या. "मिडियम घाल रे. आम्ही दोघं, आणि कधी नारळाचं पोतं."

"अगं, मिडियम घातल्या आणि ती सगळी आली, म्हणजे? पोरांना खाली उतरवून धोंड्यावरनं चालवू?"

"आली तर ना?"

यावर कोगनोळ्यांनी सरळ खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर टाकला. संग्राम मीटिंगमध्ये होता. त्याने आवाज खाली घेतला.

"दिवाळीला येताय न्हवं रे खानापूरला? सगळी?"

"हो बाबा, नक्की. म्हणजे बघतो, रिलीज आहे तेव्हा. पण नक्की. ठेवू?"

फोन बंद झाला. कोगनोळ्यांनी दोन 'नक्की' ऐकले होते. महानंदाबाईंनी एकच 'बघतो' ऐकला होता. दोघांचीही खात्री पटली.

"हेवी घाल," कोगनोळे म्हणाले.

अरविंदने महानंदाबाईंकडे पाहिले. "अक्का?"

"घाल बाबा. गाडी त्यांची हाय." त्या उठल्या, गुडघा चोळला. "पोरगा तेवढा दोघांचा."

अरविंद म्हणाला तसेच झाले. गाडी उंच झाली, पण मागून जरा जास्तच. शेजारी राहणारा पुण्याचा विलास म्हणाला, "काका, गाडी वाकून नमस्कार करतेय असं वाटतं. आशीर्वाद द्या तिला." पहिल्या गतिरोधकावर कोगनोळ्यांचा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला. दुसऱ्यावर भाजीच्या पिशवीतले टोमॅटो मागच्या सीटखाली गेले, ते रविवारी सापडले.

"उद्यापासून मी ऑटोनं जाते," महानंदाबाईंनी जाहीर केले. "त्याला तीन चाकं हायत. एक तरी खड्डा चुकतोय."

अरविंदचा आपणहून फोन आला. "अण्णा, मिडियम घालून देतो की. स्वल्प काम आहे. स्प्रिंगा नव्या आहेत तोवर परत घेतो."

"नको," कोगनोळे म्हणाले. "रिकामी हाय म्हणून आदळती. भरली की बसंल."

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संग्रामचा फोन आला. नव्या सॉफ्टवेअरचे रिलीज थोडे पुढे ढकलले गेले होते, आता ते ऐन सणातच येणार होते. शिवाय श्वेताच्या वडिलांची तब्येत बरी नव्हती, म्हणून चार दिवस जमतील ते पुण्यालाच काढायचे होते. कारणे दोन होती आणि दोन्ही खरी होती. त्यामुळे रागावायची सोय राहिली नाही.

"पुढच्या वर्षी नक्की, बाबा."

"आधी व्याह्यांकडं बघा," कोगनोळे म्हणाले. "रस्ता कुठं पळून जातोय?"

दोघे निघाले. हुबळीपर्यंत महानंदाबाई हातात पाण्याची बाटली धरून बसल्या होत्या आणि बाटलीचे बूच एकदाही उघडता आले नाही. पण खानापूरच्या पुढे डांबर संपले, ओढा आला, धोंडे आले, आणि गाडी त्यांच्यावरून अशी गेली की खाली काही होते हे तिला कळलेच नाही. गेल्या वर्षीचा धोंडा दिसताच कोगनोळ्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून तो आणि गाडीचे पोट यांच्यामध्ये हात घालून पाहिला. हात सहज फिरला. ते पुन्हा येऊन बसले.

"झालं समाधान?" महानंदाबाईंनी विचारले.

"दारापर्यंत नेतो बघ तुला."

आणि नेले. कस्तुराबाई अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी बहिणीला उतरवून घेतले, मग उरलेली गाडी बाहेरूनच पाहून घेतली.

"पोरं?"

"कामं हायत त्यांना," महानंदाबाई म्हणाल्या. कोगनोळे टायर तपासत होते.

त्या घरची एक रीत होती. सणाला जो आला नाही त्याचा वाटा बांधून द्यायचा, आणि तो हात आखडून द्यायचा नाही, कारण न आलेल्या माणसाला 'पुरे' म्हणता येत नाही. निघायच्या दिवशी कस्तुराबाईंनी गडी लावून वाटे गाडीत चढवले. नव्या तांदळाची पोती, पोहे, नारळ, गुळाच्या ढेपा, दोन भोपळे. संग्रामचा वाटा, श्वेताचा वाटा, पोरीचा वाटा. विहीणबाईंसाठी काजू. महानंदाबाई "अक्का, पुरे की" म्हणत होत्या, पण त्या आलेल्या असल्यामुळे त्यांचे कोणी ऐकले नाही.

परतीच्या वाटेवर धारवाड मागे पडल्यावर कोगनोळे म्हणाले, "बघतीस काय?"

"काय बघू?"

"आदळती काय?"

महानंदाबाईंनी बाटलीचे बूच उघडले, सावकाश पाणी प्यायल्या आणि बूच लावले. "न्हाई."

"सांगत नव्हतो?" गाडी रस्त्यावर बूड टेकून, भरल्या ट्रकाच्या समाधानाने चालली होती. कोगनोळ्यांनी वाटेत दोनदा चहा घेतला आणि दोन्ही वेळा लांब उभे राहून गाडीकडे पाहिले. मागून आणि पुढून ती एका रेषेत होती.

संग्राम आदल्या दिवशीच पुण्याहून परतला होता. हेब्बाळला त्याच्या सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये तो हातगाडी घेऊन उभा राहिला. श्वेता वाकून दोघांच्या पाया पडली आणि पोती पाहून घाबरली.

"आई, एवढं? आम्ही तिघंच आहोत. कुठे ठेवू?"

"ठिव कुठंतरी. अक्कानं दिलंय."

"वर चला ना. चहा तरी."

"आता नको, अंधार व्हायच्या आत घर गाठतो," कोगनोळे म्हणाले. "तिकडं सिल्क बोर्डच्या चौकात अडकलो की चहा तिथंच प्यावा लागंल. व्याही कसे हायत?"

"बरे आहेत आता."

संग्रामने पोती उतरवली. पहिले उतरले, दुसरे उतरले. प्रत्येक पोत्यासरशी गाडी मागून थोडी वर येत होती. भोपळे शेवटी निघाले, तेव्हा ती पूर्ण वर आली आणि तशीच राहिली. संग्रामने दार लावले, दोन पावले मागे सरून गाडीवर नजर फिरवली आणि त्याला मनापासून कौतुक वाटले.

"बाबा, काय उंच केलीत! ऑफ-रोडिंग वगैरे सुरू केलंत की काय?"

कोगनोळ्यांनी मागचे दार नीट लागले आहे का ते पाहिले. महानंदाबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"न्हाई रे," कोगनोळे म्हणाले. "मावशीकडचा रस्ता खराब हाय. म्हणून."

"बरं केलंत. मस्त दिसते."

हातगाडी लिफ्टकडे गेली. कोगनोळे चालकाच्या जागेवर बसले, किल्ली लावली आणि शेजारची सीट रिकामीच राहिली. महानंदाबाईंनी मागचे दार उघडले होते. एका हाताने दाराची कड, दुसऱ्याने सीटचा काठ धरून, गुडघ्याला शिव्या देत त्या कशाबशा वर चढल्या.

"अगं, पुढं ये की."

"नको. मागं जरा वजन पडू दे."

"तुझं कसलं आलंय वजन?"

"हाय तेवढं हाय. चला."

कोगनोळ्यांनी मधला आरसा वळवला, ती दिसेपर्यंत. फाटकापाशी गतिरोधक होता. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू त्यावर घेतली. मागे महानंदाबाई सीटच्या बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना हात टेकून, होईल तेवढे अंग जड करून बसल्या होत्या.