बाबीनचा वाफा

"काल भरलेलं पाणी आहे तसंच आहे," इंजिनिअर डोनखा खड्ड्यात डोकावत म्हणाला. "इथे सांडपाण्याचा शोषखड्डा चालायचा नाही. आणि त्याशिवाय घराला परवानगी नाही."

मी लेकीला, सोरखाला, कडेवर घट्ट धरलं. ही तिसरी जागा. वर दलदल, खाली खडक. आयर्लंडच्या या आयरिशभाषी किनाऱ्यावर घर बांधायचं तर आयरिश बोलता यायला हवी, ही अट आम्ही हसतहसत पार केली होती; अडलो ते पाण्यावर. भाड्याचं घर उन्हाळ्यात पर्यटकांना जाणार, मग आम्हाला इंग्रजी बोलणारं गॉल्वे शहर गाठावं लागणार. तिथल्या पाळणाघरात थोडे दिवस काय ठेवलं, सोरखा मला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

दगडी कुंपणापलीकडे बाबीन बटाटे काढत होती. मासळीच्या कारखान्यात जन्म गेलेली, एकटी, पाठीत वाकलेली.

"त्या दगडाला कशाला पाणी पाजताय?" ती म्हणाली. "माझ्या वाफ्यात खणा."

"बाबीन, तुमचे बटाटे तेवढ्यातच होतात."

"मग? माझ्या आजीनं किनाऱ्यावरून वाळू नि शेवाळ पाठीवर आणून खडकावर ती माती केली. पाणी जिरलं तर तिथेच जिरेल."

"आणि तुम्ही काय खाणार?"

"दुकानातले बटाटे. चव नसते त्यांना. पण तुझ्या स्वयंपाकाला तरी कुठे असते? जेवतेच ना मी."

डोनखा खोकल्यासारखं हसला. मला हसू येईना. "आम्ही तुम्हाला काय द्यायचं?"

तिनं सोरखाकडे पाहिलं. "हिला रोज पाठव. माझ्या कोंबड्यांना इंग्रजी येत नाही. त्यांच्यावर ओरडायचं तर हिला आपल्याच भाषेत ओरडावं लागेल."

म्हणजे सोरखाची इंग्रजी उत्तरं तिनं कुंपणापलीकडून ऐकली होती.

वाफ्यातल्या खड्ड्यातलं पाणी आमच्यासमोर खाली गेलं. वसंतात परवानगी आली.

खोदाईचं यंत्र आलं त्या सकाळी बाबीन आधीच वाफ्यात होती. पाठीवरची जुनी टोपली मातीनं भरलेली. दारातल्या पिंपात चार बटाटे लावायचे होते तिला. मी ओझं घ्यायला पुढे झाले.

"राहू दे," ती म्हणाली. "हे ओझं आमच्या घरचं आहे."

ती हळूहळू वाट चढू लागली. तिच्यामागून सोरखा, कोंबड्यांना आयरिशमध्ये बाजूला व्हायला सांगत.