काचेच्या खोलीतली माशी

त्या खोलीत माशी शिरणं शक्यच नव्हतं. दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. हवासुद्धा गाळून आत यायची. तरी चिंगीने बोट वर केलं. "आई, ती बघ, काळी!"

आई ताडकन उठली. बाबाचा बोनमॅरो चढवल्यापासून लेकीच्या अंगात प्रतिकारशक्ती नावालाही उरली नव्हती. तिने पडदा झटकला, पलंगाखाली वाकली, कोपरे पुसून काढले.

"कुठाय गं?"

"पळाली. मी बघायला गेले की पळते."

"लबाड आहे मेली."

"तुझ्यासारखी नाही. तू पळतच नाहीस," चिंगी म्हणाली आणि फोनवर काचेपलीकडच्या बाबाला सगळं सांगत बसली. बाबा काचेला नाक दाबून चपटं करायचा. "माझं रक्त आहे आता तुझ्यात. बघ, माझ्यासारखी घोरायला लागशील."

"आई म्हणते, मी आत्ताच घोरते!"

तेवढं हसूनही तिला दम लागायचा.

डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावलं होतं. बहुतेकांच्या अंगात निमूट पडून राहणारा एक विषाणू चिंगीच्या रक्तात जागा झाला होता. त्यावरच्या औषधाने तो दबला, पण बाबाच्या नव्या पेशीही मरायला लागल्या. म्हणून औषध थांबवलं. "पेशींना जरा डोकं वर काढू दे," बाई म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून आईने डोळ्यांत तेल घातलं. खोकला, पुरळ, शी, तोंडातला चट्टा, बाईंना सगळं सांगायची. माशीचं तेवढं नाही. माशी म्हणजे स्वच्छतेचा प्रश्न, आणि स्वच्छता तिची जबाबदारी. बाईंनी खोली बदलली तर? आपल्यालाच बाहेर काढलं तर? ती स्पिरिटचा बोळा घेऊन त्या माशीच्या मागे लागली. हात सोलवटले, माशी काही सापडेना. मग तिने सगळा राग सफाईच्या मावशींवर काढला.

"ताई, माझ्या घरात माश्या आहेत, नाही कशाला म्हणू?" मावशी भडकल्या. "पण इथे एक दाखवा, आत्ता नोकरी सोडते!"

डॉक्टरीणबाई नेमक्या तेव्हाच दारात आल्या.

"माशी? कोणाला दिसते?"

"चिंगीला. रोज."

"तुम्हाला दिसली? एकदा तरी?"

बाईंनी खिशातून डोळ्याच्या आत बघायचा टॉर्च काढला.

विषाणू चिंगीच्या डोळ्यांत उतरला होता. आतला पडदा कडेपासून खात तो मध्यापर्यंत आला होता. ती काळी माशी म्हणजे त्याचीच खूण. आईने विचारलं, "मी आधी सांगितलं असतं तर?" बाईंनी टॉर्च खिशात ठेवला. "औषध आधी सुरू केलं असतं," एवढंच म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

दुसरं औषध शिरेतून सुरू झालं. ते पेशींना धक्का लावायचं नाही, पण किडनीच्या मुळावर यायचं. सोबत सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या. आई लघवीचं भांडं उजेडाला धरून मापाच्या रेघा बघायची. रेघ वर गेली की जीव भांड्यात पडायचा. मग रेघ वर जाईनाशी झाली. चिंगीचा चेहरा सुजला, पापण्या जड झाल्या.

"हे बंद करावं लागेल," बाई म्हणाल्या.

"मग पहिलं?"

"आहेत त्या पेशीही जातील."

"मग काय द्यायचं?"

बाईंनी सलाइनची नळी उगाचच सरळ केली. "तिच्या पेशी वाढल्या तर..." वाक्य तिथेच राहिलं.

सकाळी बाबा आला. काचेला नाक लावून त्याने नेहमीसारखा चेहरा वेडावाकडा केला. चिंगीचं तोंड त्याच्याचकडे होतं.

"आई, बाबा अजून आला नाही?"

आईचा हात बोळ्यावर आवळला. "येईल हं."

"आणि माशी पण नाहीये आज. मारलीस ना तू?"

"हो. मारली."

"दाखव!"

आईने रिकामी मूठ तिच्या चेहऱ्यासमोर उघडली. चिंगीने मान पुढे केली, तळहाताच्या जरा बाजूलाच बघितलं आणि नाक मुरडलं.

"शी! केवढी मोठी!"

काचेपलीकडे बाबाचं नाक अजून तसंच चपटं होतं. खोलीतला फोन वाजायला लागला.