चांदणी नको

"कॅसेटी भंगारात घातल्या असत्याल. सरळ सांग की तसं!" शालनबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

आकुर्डीच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल श्रीपाद कॉम्प्युटरपुढे अवघडून बसला होता. शालनबाईंचे यजमान, रहाटणीचे बुवा, गेल्यावर लेकीने, उत्कर्षाने, त्यांच्या कीर्तनाच्या कॅसेटी इथे जतन करायला दिल्या होत्या. उद्या वर्षश्राद्ध. देवळात बुवांचा आवाज लागावा, एवढीच शालनबाईंची इच्छा. तो आवाज आता फक्त या कॉम्प्युटरच्या पेटीत होता. किंवा नव्हता.

"आजी, बुवांचं नाव सांगा ना."

"बुवाच म्हनायची समदी."

"तसं नाही, पाळण्यातलं."

बाईंनी तोंड फिरवलं. धन्याचं नाव त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. आणि याला हवंय कशाला? दुसऱ्या कुणाच्या खात्यावर चढवायला?

श्रीपादने टाइप केलं, 'रहाटणीच्या बुवांचं काल्याचं कीर्तन'. शून्य.

"बग! म्हनलं न्हवतं?"

"अहो, 'काल्याचं' म्हणजे 'काला', हे याला कळत नाही. शब्दाचं शेपूट कापावं लागतं." त्याने नुसतं 'काल' ठेवून पुढे एक चांदणी, '*', काढली. "आता पुढे काहीही असलं तरी चालेल."

"काहीबी चालंल? ह्योच तर घोटाळा हाय तुमचा!"

कालवा आला, कालगणना आली, कालवणाची पुस्तकंही आली.

"कालवन! आमचं बुवा रस्सा वाडत हुतं व्हय रे?"

हसू दाबत श्रीपादने जोडीला 'रहाटणी' टाकलं. दोन्ही शब्द असतील तेवढंच मागितलं. एकच नोंद उरली.

'काल्याचे कीर्तन, रहाटणी. कीर्तनकार अज्ञात.'

"अज्ञात म्हंजी?"

"कोण ते माहीत नाही. नोंद करणाऱ्याने नुसती कॅसेट पाहिली; तिच्यावर नाव नव्हतं, कीर्तनातही बुवांनी घेतलं नाही."

हेडफोन त्यांनी संशयानेच कानाला लावला. टाळ वाजले. मृदंग थांबला. आणि बुवा आले, अगदी जवळ. "बाबांनो, शिदोरीवर नाव घालून कुनी काला केलाय? कालवल्याबिगर काला न्हाई!"

शालनबाईंनी पदर डोक्यावर घेतला. पांडुरंगासमोर बसावं तशा त्या बसून राहिल्या. आवाज संपला तरी हेडफोन काढला नाही.

"आजी, 'अज्ञात'च्या जागी काय लिहू?"

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"जयसिंग," त्या म्हणाल्या. पदराने ओठ टिपले. "पुरं लिव्ह, लेकरा. फुडं चांदनी नगं."